मिठाच्या तेवीस पुड्या

समोरच्या कौलारू घरातल्या आंटीनं मदत केली. हे आधीच लिहून टाकते, कारण मी सांगायला बसले की भीतीच्या गोष्टी पहिल्या निघतात आणि माणूस मागे राहून जातो. आंटी सत्तरीच्या पुढची. सुती फ्रॉक, बारकासा अंबाडा, आणि गुडघे दुखतात म्हणून बाराही महिने हातात छत्री. काठी घेतली तर लोक म्हातारी म्हणतील, हे तिचं म्हणणं. माहेर मनोरीचं, सासर आमच्या अंधेरीच्या गावठाणातलं. दोन्ही मुलं परदेशात. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणते, पण मनात ती आईसारखी, तूच. नाव लिहीत नाही. तिला ते आवडायचं नाही.

आम्ही हिंगोलीकडचे. मुंबईत येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती, सगळी त्या एकाच खोलीत. मिस्टर इमारतींना रंग द्यायचे आणि मी जवळच्या सोसायटीत तीन घरच्या पोळ्या करायचे. मी स्वतः आठवीतून शाळा सोडलेली. आई आजारी पडली तेव्हा वडील म्हणाले होते, "एवढं वर्ष राहू दे, पुढच्या वर्षी बसव नाव." ते पुढचं वर्ष आलंच नाही. म्हणून आमची मुलगी दहावीला गेली तेव्हा मला आनंदापेक्षा टेन्शन जास्त. रोज उठून वाटायचं, मार्चपर्यंत काही होऊ नये.

आणि झालंच. दिवाळी संपून दहा दिवस झाले नसतील, मिस्टर परांचीवरून पडले. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ठेकेदारानं आठवडाभर फोन उचलला, मग उचलायचं बंद केलं. माझ्या तीन घरांपैकी एक कुटुंब त्याच सुमारास मुलाकडे बंगळूरला गेलं. राहिल्या दोन घरच्या पोळ्या, आणि खायला तीन तोंडं.

मिस्टर दिवसभर पाय उशीवर ठेवून छताकडे बघत पडून असायचे. एक दिवस म्हणाले, "डिसेंबर संपला की गावाकडं जाऊ. दादाची एक खोली हाय रिकामी."

मी म्हटलं, "आणि हिची परीक्षा?"

"पुढच्या वर्षी बसंल की. गावाकडून."

मुलगी भिंतीकडे तोंड करून भूमिती सोडवत होती. तिची पेन्सिल थांबली. पुढच्या वर्षीचा अर्थ त्या खोलीत माझ्याइतका कुणालाच माहीत नव्हता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी दारात तांदूळ निवडत होते. आंटी छत्री टेकत आली आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या घरातून फोडणीचा वास येत नाय गो. किती दिवस झाले?"

"येतो की, आंटी."

"नाक माझं चांगलं हाय. गुडघे गेलेत, नाक नाय गेलं."

मी रडले. तशी मी लवकरच रडते. आंटीनं मला रडू दिलं आणि मग कामाचं बोलावं तसं बोलायला लागली. नाताळाच्या आधीच्या रविवारी गावठाणात पिशव्या भरतात, हे मी इतकी वर्षं खिडकीतून बघत होते. ज्या घरी त्या वर्षी काही वाईट झालंय, कुणी गेलंय, कुणाची नोकरी सुटलीय, कुणी अंथरुणाला खिळलंय, त्या घरी महिन्याभराचं सामान जातं. घर ख्रिश्चनच असलं पाहिजे असं नाही. जो गावठाणात चूल मांडतो तो गावठाणाचा. यंदा चोवीस पिशव्या होत्या.

"एक तुझी," आंटी म्हणाली.

मी तिचे हातच धरले. म्हटलं, "नको. कळलं तर मिस्टर दुसऱ्या दिवशी गाडीत बसतील. पोरीला घेऊन."

मग मी तिला ते सांगितलं, जे मी मुंबईत कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घरात भाकरीची एक गोष्ट आहे. मिस्टरांचे आजोबा गावकीची कामं करायचे. त्याच्या बदल्यात संध्याकाळी टोपली घेऊन घरोघर फिरायचं, बाहेर उभं राहून हाक मारायची, आणि वरून टाकतील तो तुकडा घ्यायचा. धर्म बदलला त्या वर्षी आजोबांनी ती टोपली चुलीत घातली. घरात उपास पडले, पण ते पुन्हा कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. सासरे ही गोष्ट सांगायचे, त्यांच्यानंतर मिस्टर सांगतात. पडल्यावर दवाखान्यातून आले त्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "कुणाचं फुकटचं घरात आलं तर माझ्याशी गाठ हाय. आज्यानं जाळलेली टोपली मी नाय उचलणार."

आंटीनं सगळं ऐकून घेतलं. तोंडानं च्‌ च्‌ केलं नाही, बिचारे म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "बरोबर बोलतो तो. फुकट कोण देतंय? तुझ्याकडे मीठ."

"काय?"

"प्रत्येक घराकडे एक वस्तू असते. कुणाकडे तेल, कुणाकडे डाळ. तुझ्याकडे मीठ. खड्याचं पोतं आणायचं, अर्ध्या किलोच्या पुड्या करायच्या. चोवीस. रविवारी जेवून ये क्रुसाजवळ." आणि उठता उठता, "देणाऱ्यांची यादी भिंतीवर लागते, सगळे बघतात. घेणाऱ्यांची माझ्या डोक्यात असते. तीस वर्षं तिथंच हाय. कोणाच्या बापाला दिसली नाय."

मी पोतं आणलं. मिस्टरांनी विचारलं तेव्हा सांगितलं, गावठाणाचं नाताळाचं वाटप आहे, आपल्या घराकडे मीठ आलंय द्यायला. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "आपल्याला मागितलं?" "हो." "म्हंजी वर्गणी मागितली आपल्याला!" अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आमच्या दारात मागायला आलं होतं. ते भिंतीला टेकून बसले, मेणबत्ती पेटवायला लावली, आणि मी मोजून भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडं ज्योतीवर धरून चिकटवायला लागले. रंगाऱ्याचा हात, सरळ रेघ. मुलगी म्हणाली, "पप्पा, दुकानातल्यासारखी वाटतेय." त्यावर त्यांनी आधीच्या दोन पुड्या फोडून पुन्हा चिकटवल्या. त्या नीट झाल्या नव्हत्या म्हणे.

"किती करायच्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तेवीस."

इथं मी चुकले. आंटीनं चोवीस सांगितल्या होत्या. पण चोविसावी आमचीच होती ना. पोत्यात मीठ उरणारच होतं, ते आमच्या डब्यात जाणार होतं. आपल्याच पिशवीत आपलंच मीठ टाकून तेच उचलून घरी आणायचं, हे मला कसंतरीच वाटलं. जेवढं परक्याला देतो तेवढंच दिलं म्हणायचं, असं मी मनाशी ठरवलं. फार प्रामाणिकपणे ठरवलं, त्याचंच हसू येतं आता.

रविवारी दुपारी आंटीच्या घरापुढच्या दगडी क्रुसाजवळ अंगणात लांब बाकं मांडली होती. चांदण्या टांगलेल्या, कुणाच्या तरी स्पीकरवर कॅरल्स, आणि चोवीस पिशव्या, सगळ्या एकाच निळ्या कापडाच्या. नंबर नाही, नाव नाही, खूण नाही. एकीकडून दुसरीकडे पिशवी सरकत जाते आणि प्रत्येकजणी आपली वस्तू टाकते. तांदूळ तळाला, मिठाई सगळ्यात वर, आणि टोकाला आंटी, तोंड बांधायला. त्या दिवशी कुणाला नावानं हाक मारत नाहीत. जी वस्तू, तेच नाव.

"ए तेल, पिशवी आडवी धरू नको गं, गळेल!"

"साखर कुठं गेली? साखर! अरे यार, हिचा फोन संपत नाही."

"डाळ, तुझ्या नवऱ्यानं किलोला पावशेर मारलाय काय? हलकी लागते."

"माझ्या नवऱ्याला डाळ कळली असती तर काय पाहिजे होतं!"

माझ्या एका बाजूला साबण होती, शाळेत शिकवणाऱ्या बाई, जिभेला धार. दुसऱ्या बाजूला मिठाई. मी पहिल्यांदाच आलेली, एकेक पुडी दोनदा बघून ठेवत होते. साबण म्हणाली, "ए मीठ, हात चालव की. नाताळ यंदाचाच आहे ना?" सगळ्या हसल्या, मीही हसले. दहा-बारा पिशव्या गेल्यावर माझे हात सुटले. कुणीतरी माझी पुडी उलटीपालटी करून म्हणालं, "पॅकिंग झकास आहे हां, कुठून करून आणलंस?" मी म्हटलं, "घरी. मिस्टरांनी केलं." आणि खूप बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी मोजायचं विसरले.

तेविसावी पिशवी पुढे गेली. मग आणखी एक आली.

मी समोरच्या टोपलीत हात घातला आणि हात तळाला लागला. पिशवी माझ्यापुढे उघडी. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते. मी धरून चालले होते की आमची पिशवी वेगळी असेल, आंटी ती बाजूला काढेल. पण त्या चोवीस पिशव्यांत आमची कुठली हे देवालाही सांगता आलं नसतं, आणि मुद्दामच तसं केलेलं होतं. आता एक पिशवी मिठाशिवाय होती. तेलाची, साखरेची, साबणाची मोजणी बरोबर, फक्त माझी एक कमी. आणि एकच का कमी, याचा कुणी जरा विचार केला असता तर उत्तर माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"काय झालं?" साबण म्हणाली. "संपलं मीठ?"

"हो."

"संपेल कसं? व्हॉट्सॲप ग्रुपवर चोवीस लिहिलंय ना."

पलीकडून तेल म्हणाली, "एक घरी ठेवून आली असेल. स्वतःला!"

ती थट्टा होती. तिच्या मनात काही नव्हतं, मी आजही शपथेवर सांगेन. पण लाइन थांबली होती, बारा-तेरा जणी माझ्याकडे बघत होत्या, आणि मला समोर निळी पिशवी दिसत नव्हती, हिंगोलीची गाडी दिसत होती. पोरीचं दप्तर सामानात बांधलेलं दिसत होतं. साबणाचं हसू हळूहळू कमी झालं. तिनं एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. शिकवणाऱ्या बाईला हिशेब लवकर जमतो.

छत्री फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

"तेवीसच सांगितल्या मी तिला," आंटी म्हणाली.

"आंटी, ग्रुपवर—"

"ग्रुप घाल चुलीत. तिला मी दारात बसून तोंडानं सांगितलं, तेवीस. माझी चूक. म्हातारी झाले, डोकं चालत नाय."

आंटी आणि मोजणीत चूक! तीस वर्षांत एक पिशवी कमी नाही, एक जास्त नाही, एक घर सुटलं नाही. तिची तीच एक मिजास होती. मग एकदम कल्ला झाला. "आंटी चुकली! कॅलेंडरवर लिहून ठेवा रे!" "म्हणजे आंटी पण माणूस आहे तर!" आंटी उभी राहून सगळ्यांचं ऐकून घेत होती. तेवढ्यात डाळ, अगदी सहज, प्रेमानंच म्हणाली, "आंटी, पुढच्या वर्षी यादी दोघीजणी करू या ना. तुम्हाला एकटीला त्रास." दोघी-तिघींनी माना डोलावल्या.

मी आंटीच्या तोंडाकडे बघितलं. ती टोमण्यांना हसली होती. या वाक्याला तिला हसता आलं नाही. क्षणभरच. मग म्हणाली, "करू ना. का नाय?" आणि छत्री टेकत घरात गेली, स्वतःच्या बरणीतलं मीठ कागदात बांधून आणलं आणि चोविसाव्या पिशवीत टाकलं.

मला ओरडून सांगायचं होतं, चूक तिची नाही, माझी आहे. मी सांगितलं नाही. घाबरले.

भरलेल्या पिशव्या कुणी एकजण वाटत नाही. प्रत्येकीनं दोन-तीन उचलायच्या, कुठल्या दारात ठेवायच्या ते आंटी कानात सांगते, आणि ते दार आपण विसरून जायचं. सगळ्याच जणी पिशव्या घेऊन गल्ल्यांतून चालतात, त्यामुळे कोण द्यायला चाललीय आणि कोण घरी न्यायला, काही कळत नाही. माझी पाळी आली तेव्हा आंटीनं कानात दोन घरं सांगितली आणि तिसऱ्या पिशवीला नुसती मान हलवली.

मी तिथंच कुजबुजले, "आंटी, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"मग काय, तुझी पिशवी उघडी पाडू? पोरगीला परीक्षेला बसवायचीय का नाय?" आणि मग रागानं, "पण तुझी अक्कल कुठं गेली होती गो? चोवीस म्हणजे चोवीस. तुझ्या पिशवीत तुझंच मीठ पडायला पाहिजे होतं. दोन्ही याद्यांत नाव असलेली तू एकटीच हायस काय?"

हातातली पिशवी मी खाली टेकवली.

"या लाइनीत अजून चौघी हायत. कोण ते विचारू नको." आणि पुढचीला हाक मारली, "चल गो, चहा, तू ये."

मी वळून त्या बायकांकडे बघितलं. तेल हसत होती, साखर पुन्हा फोनवर होती, साबण बाकं उचलून भिंतीला लावत होती. चौघी कोण ते मला आजवर माहीत नाही. कदाचित त्यातलीच एखादी मघाशी सर्वांत मोठ्यानं हसली असेल.

दोन्ही घरी पिशव्या ठेवून मी तिसरी घेऊन आमच्या दारात आले. येताना खोटं तयार केलं होतं, काम करणाऱ्या प्रत्येकीला एक मिळते असं. पण आत पाय टाकला आणि ते ओठावर येईना. माझ्यासाठी त्या दिवशी कुणीतरी आधीच एक खोटं बोललं होतं, आणि ते फार महागाचं होतं. मी पिशवी मिस्टरांच्या पलंगाशी ठेवली आणि खाली बसून सगळं खरं सांगितलं. दोन याद्या, तेवीस पुड्या, आंटीची छत्री, सगळं. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.

त्यांनी पिशवीची गाठ बोटानं चाचपली. मी मनात गाडीची वेळ आठवत होते.

मग म्हणाले, "तेवीस का केल्यास? येडी का काय तू? आपल्याला काय अळणी खायचं होतं?"

आणि हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता पाय दुखला तसं तोंड वाकडं झालं, तरी हसले. मग एकदम शांत होऊन म्हणाले, "त्या तेवीस घरांनी घेतलं? मी चिकटवलेलं मीठ?"

"घेतलं की. पॅकिंग झकास आहे म्हणाल्या."

"आमच्या आज्याच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं गावात." ते पिशवीशी नाही, स्वतःशीच बोलत होते. "त्याच्या टोपलीत लोक टाकायचे. पर त्याला कुणाच्या घरात काय टाकू देत होते का? हे आज तेवीस घरांच्या कालवणात पडलं." मग मुलीला म्हणाले, "ती पिशवी सोड. काय काय हाय बघ. आन् भूमितीचं वही-पुस्तक कुठंय तुझं? मार्च काय लांब नाय."

पिशवी चटईवर रिकामी केली. तांदूळ, पीठ, डाळ, तेल, रवा, पोहे, तिखट, हळद, चहा, साखर, साबण, मिठाईचा डबा, आणि कागदात बांधलेली एक पुडी. म्हणजे चोवीसमधून नेमकी तीच आमच्या वाट्याला आली होती, की आंटीनं ती मुद्दाम माझ्या हातात दिली होती, मी विचारलं नाही. संध्याकाळी मी लसणाची सणसणीत फोडणी घातली. खिडकी उघडी ठेवून.

मार्चमध्ये मुलगी दहावीला बसली. आमच्या दोन्हीकडच्या घरांत दहावी पास झालेली ती पहिली मुलगी. आता ती डिप्लोमा करते, आणि मिस्टर थोडे लंगडत का होईना, पुन्हा कामावर जातात. तेव्हापासून दर डिसेंबरला मीठ आमच्याकडेच असतं. मी बारा-तेरा जणींत उभी राहते, कुणीतरी "ए मीठ" म्हणून ओरडतं, आणि माझी मान ताठ होते. एवढी ताठ मान माझी दुसरीकडे कुठेच होत नाही. या गावठाणाचा मला फार अभिमान आहे, आणि आता त्यात मी पण येते.

पण यादी आता दोघीजणी करतात. डाळ शेजारी बसते आणि आंटी जे बोलेल ते कागदावर लिहून घेते, मग पुन्हा एकदा मोजते. आंटी खिडकीबाहेर बघते. मला ते दरवर्षी बघावं लागतं. एकदा मी तिला म्हटलं, मी सगळ्यांना खरं काय ते सांगते. तर म्हणाली, "सांगितलंस तर तोंड बघणार नाय तुझं." म्हणून कुणाचंही नाव न घालता इथं लिहिलं.

आंटी, मी शिकलेली नाही आणि माझ्याकडे देण्यासारखं अजून फारसं काही नाही. पण तुमचं वय होतंय. एक ना एक दिवस तुम्ही खरोखरच चुकाल, चार लोकांत, सगळ्यांसमोर. त्या दिवशी मी तुमच्या शेजारी उभी असेन, आणि कुणी काही विचारायच्या आत मी म्हणेन की चूक माझी होती.